अ‍ॅम्बेसेडर की पद्मिनी? आकड्यांचं उत्तर आणि घराचा निर्णय

साठी ओलांडलेल्या चार मंडळींसमोर 'अ‍ॅम्बेसेडर चांगली की फियाट?' एवढाच प्रश्न टाकून बघा. पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागत नाही. एक गट म्हणतो, अ‍ॅम्बेसेडर म्हणजे रणगाडा. आठ माणसं कोंबा, खड्ड्यातून काढा, तिला काही होत नाही. दुसरा गट म्हणतो, फियाट हाताला हलकी, पेट्रोल कमी पिणारी, चालवण्याची खरी मजा तिच्यातच. किस्से दोन्हीकडे भरपूर असतात. आकडे मात्र कुणी काढत नाही.

आमच्या इंदूरच्या घरात गेल्या वर्षी हा वाद गमतीचा राहिला नाही. दोन्ही गाड्या दारात होत्या आणि त्यांतली एकच ठेवता येणार होती. मी बी.ई. झालो ते कॉम्प्युटरमध्ये, गाड्यांमधला तज्ज्ञ मी नाही. पण दोन गोष्टींची तुलना करायची तर आधी मोजमापं शेजारी शेजारी मांडायची, ही सवय नोकरीने लावली आहे. म्हणून कागद घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे देतोय. तुमच्याही वाड्यात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी उभी असेल, तर शेवटचा भाग विशेष तुमच्यासाठी आहे.

दोघींचं माहेर

दोन्ही गाड्या आपल्याला अस्सल देशी वाटतात, पण दोघींचं माहेर परदेशात आहे.

अ‍ॅम्बेसेडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, सीरिज थ्री. हिंदुस्थान मोटर्स ही बिर्लांची कंपनी १९४२ साली सुरू झाली ती गुजरातेतल्या ओखा बंदरात, आणि १९४८ मध्ये कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला गेली. तिथे आधी 'हिंदुस्थान १४', मग 'लँडमास्टर', आणि १९५७-५८ च्या सुमारास अ‍ॅम्बेसेडर तयार होऊ लागली. २०१४ च्या मे महिन्यात उत्पादन थांबलं. म्हणजे तोच मूळ सांगाडा पंचावन्नहून अधिक वर्षं चालला.

पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११००. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. संस्थापक वालचंद हिराचंद, जन्म सोलापूरचा. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे, तेच हे वालचंद. कंपनीने सुरुवात डॉज आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्यांनी केली, मग १९५० च्या दशकात फियाट आली. त्या गोलसर, पुढची दारं उलटी उघडणाऱ्या फियाटला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असं प्रेमाचं नाव दिलं होतं. १९६४ मध्ये चौकोनी चेहऱ्याची 'फियाट ११०० डिलाइट' आली. तीच पुढे थोडा काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ च्या सुमारास 'प्रीमियर पद्मिनी'. कागदोपत्री नाव बदललं तरी लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. आमचे काका अजूनही म्हणतात.

या दोघीच एवढी वर्षं समोरासमोर का राहिल्या? कारण १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांचा देशात गाडी प्रत्यक्ष बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच परवानगी द्यावी, नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड तेव्हा भारतातून निघून गेल्या. उरल्या या दोन कंपन्या आणि मद्रासची स्टँडर्ड. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची, असा तो काळ. आपल्या आजोबांनी 'निवड' केली असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा नंबर ज्या गाडीचा आधी लागला तीच घरी आली.

कागदावरची तुलना

तुलना आमच्या घरातल्या दोन गाड्यांची आहे: आजोबांची १९७४ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू आणि काकांची १९८५ ची पद्मिनी. वर्षांप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून आकडे ढोबळ धरावेत.

इंजिन: अ‍ॅम्बेसेडर १४८९ सीसी, पद्मिनी १०८९ सीसी. दोन्हींना चार सिलिंडर, दोन्ही पेट्रोलवर.
बोअर आणि स्ट्रोक: अ‍ॅम्बेसेडर ७३ × ८८.९ मिमी, पद्मिनी ६८ × ७५ मिमी.
ताकद: अ‍ॅम्बेसेडर ५० ते ५५ हॉर्सपॉवर, पद्मिनी सुमारे ४०.
वजन: अ‍ॅम्बेसेडर सुमारे १११२ किलो, पद्मिनी सुमारे ८९५ किलो.
पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर: अ‍ॅम्बेसेडर २४६४ मिमी, पद्मिनी २३४० मिमी.
लांबी: अ‍ॅम्बेसेडर सव्वाचार मीटरच्या वर, पद्मिनी सुमारे ३.९३ मीटर.
रुंदी आणि उंची: अ‍ॅम्बेसेडर १६७६ × १६०० मिमी, पद्मिनी १४६० × १४६८ मिमी.
टायर: अ‍ॅम्बेसेडर १५ इंची, पद्मिनी १४ इंची.
गिअर: दोन्हींना चार, दांडा स्टिअरिंगजवळ. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांची.
ब्रेक: दोन्हींना चारही चाकांवर ड्रम.
कमाल वेग: दोन्हींचा ताशी १२० किमीच्या आसपास.

वरवर पाहिलं तर अ‍ॅम्बेसेडर सरळ जिंकते. इंजिन मोठं, ताकद जास्त, जागा जास्त. पण शेवटची ओळ बघा. दहा-पंधरा हॉर्सपॉवर जास्त असूनही वेग तेवढाच. असं का, हे शोधताना खरी मजा आली.

आकडे जरा खरवडून पाहू

पहिली गोष्ट, इंजिनाच्या आकाराच्या मानाने ताकद किती? पद्मिनीचे ४० हॉर्सपॉवर १.०८९ लिटरमधून येतात, म्हणजे लिटरमागे सुमारे ३७. अ‍ॅम्बेसेडरचे ५० ते ५५ हॉर्सपॉवर १.४८९ लिटरमधून, म्हणजे लिटरमागे ३४ ते ३७. जवळजवळ सारखेच. एक इंग्लिश, एक इटालियन, तरी तंत्रज्ञानाची पिढी एकच. 'फियाटचं इंजिन अ‍ॅडव्हान्स्ड' किंवा 'अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन मागासलेलं' ही दोन्ही वाक्यं आपण सोडून द्यायला हरकत नाही.

फरक आहे तो स्वभावात, आणि तो बोअर-स्ट्रोकमध्ये दिसतो. बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी, स्ट्रोक म्हणजे पिस्टन वर-खाली किती अंतर जातो ते. अ‍ॅम्बेसेडरचा स्ट्रोक बोअरच्या १.२२ पट आहे, पद्मिनीचा १.१० पट. दोन्ही इंजिनं मिनिटाला ४००० फेऱ्यांवर चालवली, तर पद्मिनीचा पिस्टन सरासरी सेकंदाला १० मीटर धावतो आणि अ‍ॅम्बेसेडरचा जवळपास १२ मीटर. लांब पल्ल्याचा पिस्टन जोरात पळवायला आवडत नाही. तो कमी फेऱ्यांवर शांतपणे ओझं ओढतो. म्हणून अ‍ॅम्बेसेडर तिसऱ्या गिअरमध्ये बैलगाडीच्या वेगानेही कुरकुर न करता चालते, आणि पद्मिनीचं इंजिन मात्र जरा फिरवलं की खुलतं. काका ज्याला 'फियाट बोलते' म्हणतात, ते हेच.

दुसरी गोष्ट, वजनाच्या मानाने ताकद. पद्मिनीत टनामागे सुमारे ४५ हॉर्सपॉवर, अ‍ॅम्बेसेडरमध्ये ४५ ते ४९. इथेही फरक नखभर. तुलनेसाठी सांगतो, १९८३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या मारुती ८०० चं इंजिन फक्त ७९६ सीसीचं होतं, पण गाडीच इतकी हलकी की टनामागे ६० च्या आसपास ताकद मिळायची. या दोघींचे दिवस का भरले, ते या एका आकड्यात कळतं.

तिसरी गोष्ट, हवा. वेग वाढला की गाडीला सगळ्यात जास्त अडवते ती समोरची हवा, आणि हवेला तोंड किती मोठं द्यायचं हे गाडीच्या रुंदी-उंचीवर ठरतं. रुंदी गुणिले उंची केली तर अ‍ॅम्बेसेडरचं तोंड सुमारे २.६८ चौरस मीटर येतं, पद्मिनीचं २.१४. आता ताकदीला या क्षेत्रफळाने भागा. पद्मिनीचं उत्तर येतं १८.७ आणि ५० हॉर्सपॉवर धरले तर अ‍ॅम्बेसेडरचंही १८.७! हे गणित ढोबळ आहे, गाडीचा आकार किती निमुळता हे त्यात धरलेलं नाही. तरी लहान इंजिनाची पद्मिनी मोठ्या अ‍ॅम्बेसेडरच्या बरोबरीने का धावत असे, ते यातून समजतं. मोठ्या इंजिनाची जास्तीची ताकद स्वतःचंच मोठं अंग ओढण्यात खर्च होत होती.

सगळी मंडळी बसली की

इथपर्यंत सामना बरोबरीत आहे. पण आपल्या घरांत गाडी रिकामी कधी निघते?

पाच माणसं आणि सामान मिळून ४०० किलो धरू. पद्मिनी आता १२९५ किलोची झाली आणि टनामागची ताकद ४५ वरून ३१ वर आली. अ‍ॅम्बेसेडर १५१२ किलोची झाली, तिची ताकद ३३ ते ३६ वर थांबली. ओझं तेवढंच, पण हलक्या गाडीला ते जास्त जाणवतं. त्यात अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन कमी फेऱ्यांवर ओढणारं. त्यामुळे लग्नाला निघालेली वऱ्हाडी मंडळी, मांडीवर मुलं आणि डिकीत ट्रंका, असा संसार घेऊन आग्रा रोडने बिजासन घाट उतरून धुळे-नाशिककडे जायचं, तर अ‍ॅम्बेसेडरच हवी, हे आजोबांचं म्हणणं आकड्यांतही बसतं. आणि नवरा-बायको-दोन मुलं, शहरातली गर्दी, रोजचं ऑफिस असेल तर दोनशे किलो जास्तीचं लोखंड कशाला ओढायचं, हे काकांचंही बरोबर.

शहरांनीही हीच वाटणी केलेली दिसते. कोलकात्यात टॅक्सी म्हटलं की पिवळी अ‍ॅम्बेसेडर, मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी. कारखाना जवळ होता हे कारण आहेच, पण मुंबईच्या वळणावळणाच्या गर्दीत आखूड, अरुंद गाडी सोयीचीही होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.

जे तक्त्यात येत नाही

काही गोष्टी आकड्यांत मांडता येत नाहीत, पण बसणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतात.

अ‍ॅम्बेसेडरच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बार आहेत, म्हणजे पीळ खाणारे लोखंडी दांडे. पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग. मागे दोघींनाही पाटे. मोठी चाकं, जड अंग आणि लांब बांधा यांमुळे अ‍ॅम्बेसेडर खड्ड्यावरून डुलत जाते. पद्मिनी खड्डा जरा स्पष्ट सांगते, पण वळणावर जास्त विश्वास देते.

अ‍ॅम्बेसेडरची सीट उंच आहे आणि दार मोठं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यात 'बसता' येतं, खाली उतरावं लागत नाही. साडी नेसलेल्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आमच्या आजीसाठी ही सगळ्या तक्त्यापेक्षा मोठी गोष्ट आहे.

पद्मिनीच्या बाजूने सांगायचं तर तिच्यातून बाहेरचं छान दिसतं. बारीक खांब, मोठ्या काचा, चारही कोपरे नजरेत. नवशिक्याला गाडी कुठे संपते ते कळतं. माझी चुलत बहीण अठराव्या वर्षी हिच्यावरच शिकली. तो स्टिअरिंगजवळचा गिअर, हाताने ओढायचा चोक, थंडीत इंजिन गरम होईपर्यंत थांबणं, हे सगळं तिला आजही येतं. आम्हा बाकी भावंडांपैकी कुणालाच धड येत नाही.

ब्रेकच्या बाबतीत दोघी सारख्याच आणि आजच्या मानाने कमजोर. ड्रम ब्रेक सतत दाबले की तापतात आणि पकड सोडू लागतात. म्हणून घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवायची, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. जुने ड्रायव्हर 'ज्या गिअरमध्ये चढलास त्यातच उतर' म्हणायचे, ते यासाठी.

आपल्या इंदूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. १९९० च्या दशकात अ‍ॅम्बेसेडरला इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले, आणि ते इंजिन बनायचं इथे शेजारी पीथमपूरला. त्या गाडीने पद्मिनीला मागे टाकलं असतं यात शंका नाही, पण तोवर दोघींनाही मागे टाकणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

आमच्या घरातला पेच

रामबागेतलं आमचं जुनं घर पाडून तिथे इमारत होते आहे. नव्या जागेत जुन्या गाडीसाठी एकच जागा मिळणार. भावंडांच्या ग्रुपवर आठवडाभर मतदान चाललं आणि ते अपेक्षेप्रमाणे समसमान सुटलं. बाबा अ‍ॅम्बेसेडरच्या बाजूने, काका पद्मिनीच्या. दोघे एकमेकांशी नेहमीसारखे बोलत होते, पण गाड्यांचा विषय आला की दोघेही गप्प. तेव्हा लक्षात आलं की हा विषय स्पेसिफिकेशनचा नाही. बाबांना त्या गाडीत आजोबा दिसतात, आणि काकांची पद्मिनी ही त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली मोठी वस्तू.

शेवटी ठरलं की दोन्ही गाड्या एकदा सोबत बाहेर काढायच्या. महू, जाम गेट, मंडलेश्वर करत महेश्वर, आणि त्याच रस्त्याने परत. प्रत्येक गाडीत पाच जणं. जाम गेटपासून रस्ता विंध्याचा कडा उतरून नर्मदेच्या खोऱ्यात जातो, त्यामुळे परतीची चढण ही दोघींची खरी परीक्षा होती.

जाताना सपाटीवर पद्मिनी पुढे. ताई चालवत होती, काका शेजारी बसून उगाच उजवा पाय दाबत होते. घाट उतरताना दोघी सारख्याच हळू. महेश्वरला अहिल्याबाईंच्या वाड्यात गेलो, घाटावर बसून डबे खाल्ले. परतीच्या चढणीवर अ‍ॅम्बेसेडर तिसऱ्या गिअरमध्ये रमतगमत चढली. पद्मिनीला बराच वेळ दुसऱ्या गिअरमध्ये राहावं लागलं आणि वर आल्यावर ताईने तिला दहा मिनिटं विसावा दिला. तक्त्यातले ३१ आणि ३३ ते ३६ हे आकडे डोळ्यांना दिसले म्हणा ना.

जाम गेटच्या कमानीशी चहा घेताना आजीला विचारलं, "आजी, तुला कुठली गाडी ठेवावीशी वाटते?" ती म्हणाली, "मला गाडी नको रे बाळा, न्यायला माणूस हवं. ती चालवणार कोण, ते आधी सांगा."

यावर कुणाकडेच तयार उत्तर नव्हतं. अ‍ॅम्बेसेडर आता फक्त बाबा चालवतात आणि त्यांचं वय अडुसष्ट. पद्मिनी काका चालवतात, आणि ताई चालवते.

कायदा काय म्हणतो

घरी आल्यावर मी कागदपत्रांकडे वळलो आणि तिथे चित्र आणखी स्पष्ट झालं.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये. पण अट महत्त्वाची आहे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची.

ज्यांना गाडी चालवायचीच आहे त्यांना साधा रस्ता मोकळा आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण करायचं. त्याची फी अलीकडच्या वर्षांत बरीच वाढली आहे आणि दिल्लीच्या परिसरात जुन्या गाड्यांवर वेगळे निर्बंध आहेत, तेव्हा आपल्या आरटीओत आधी विचारून घ्यावं.

आता आमच्या दोन गाड्या या नियमांत बसवून बघा. १९७४ ची अ‍ॅम्बेसेडर पन्नाशी ओलांडून गेलेली. तिला विंटेजचा मान मिळू शकतो, आणि म्हणूनच जुन्या गाड्या जपणाऱ्या लोकांना ती हवी आहे. १९८५ ची पद्मिनी पन्नास वर्षांची व्हायला २०३५ उजाडेल. तोवर ती विंटेज नाही आणि नवीही नाही. तिला कुणी चालवलं नाही, तपासणीला नेलं नाही, तर तिची वाट थेट भंगाराकडे जाते. आम्ही सगळे म्हाताऱ्या गाडीची काळजी करत होतो, आणि खरी धोक्यात होती ती मधल्या वयाची.

निर्णय

आम्ही पद्मिनी ठेवली. ताई इंदुरातच राहते, दर रविवारी ती गाडी बाहेर काढते. आजीला पुढच्या अखंड सीटवर बसवायचं आणि उतरताना हात द्यायचा, असं ठरलं आहे.

अ‍ॅम्बेसेडर जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या एका गृहस्थांकडे गेली. त्यांच्याकडे छप्पर आहे, ओळखीचा मेकॅनिक आहे आणि गाडी मूळ रंगातच ठेवण्याचा आग्रह आहे. किंमत जास्त देणारा दुसरा गिऱ्हाईक होता, पण त्याला आतलं सगळं काढून नवीन इंजिन आणि एसी बसवायचा होता. बाबांनी नकार द्यायला एक मिनिटही घेतला नाही. गाडी गेली त्या दिवशी काकाच बाबांना घेऊन चहाला गेले. दोघे काय बोलले ते आम्हाला माहीत नाही.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर

एक, गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी ती वारसाच्या नावावर करून घ्या. त्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ असतो आणि तो तीन महिन्यांच्या आत भरणं अपेक्षित असतं. जितका उशीर, तितकी कागदांची जमवाजमव वाढते. आरसी, जुन्या कर-पावत्या, विमा, पीयूसी एका फाइलमध्ये लावा. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची असेल तर ना-हरकत प्रमाणपत्रही लागेल.

दोन, रंगाआधी गंज बघा. या दोन्ही गाड्या मोनोकॉक आहेत, म्हणजे खाली वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा. दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा, मागचे पाटे जिथे बसतात ती जागा, इथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. तिथे पत्रा कुजला असेल तर वरच्या चकचकीत पेंटिंगला काही अर्थ नाही.

तीन, पेट्रोलचा विचार करा. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली आहेत आणि भारतात शिसं २००० साली बंद झालं. इंजिन उघडलंच तर व्हॉल्व्हच्या सीटा मेकॅनिककडून तपासून घ्या. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि गास्केट लवकर खराब होऊ शकतात, तेव्हा ते बदलून इथेनॉल सोसणारे बसवा. पेट्रोलचा पाइप गळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

चार, गाडी उभी ठेवू नका. महिन्यातून दोन-तीनदा तरी पाच-सात किलोमीटर फिरवा. नुसतं जागेवर इंजिन चालू करून बंद केलं तर बॅटरी, टायर आणि ब्रेक यांना काहीच फायदा होत नाही.

पाच, आणि हे सगळ्यात आधी करायचं. घरातल्या तिशीच्या आतल्या कुणालातरी ती गाडी चालवायला शिकवा. अनुभवी माणूस शेजारी बसलेला असतानाच. काकांनी ताईला शिकवलं म्हणून आमची पद्मिनी आज रस्त्यावर आहे. तक्त्यातले बाकी सगळे आकडे त्यानंतर येतात.